आकडा सांगणार नाही

तुमच्या घरी स्वयंपाकाला येणारी बाई किती कंपन्यांची मालकीण आहे, ठाऊक आहे का तुम्हाला?

हसलात ना? हसून घ्या. आमची गल्लीही आधी हसलीच होती. मग गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी उभी राहिली आणि हसू ओठांवरच वाळलं.

ही हकिकत ठसकामावशीची. खरं नाव सांगत नाही, ते आधीच नको तितक्या कागदांवर जाऊन बसलंय. ठसका हे नाव गल्लीनं ठेवलेलं. तव्यावर मिरची पडली की अख्ख्या घराला जसा लागतो, तसा ती बोलली की समोरच्याला लागतो. एकदा नळावर कुणीतरी तिला म्हणालं, "मावशी, माणसानं जरा गोड बोलावं." मावशी म्हणाली, "गोड बोलायचा पगार वेगळा पडतो. द्यायची तयारी आहे?"

अशी ही बाई. आणि लोक म्हणतात, मोठ्या माणसांनी हिला फसवलं कारण ही भोळी. भोळी कसली डोंबलाची! ज्याच्या हाताशी वकील, गाड्या, संगणक, ओळखीपाळखी सगळं आहे, त्यानं आपल्याच स्वयंपाकिणीचा गळा कापला, तर तिचा भोळेपणा मोजत बसायचं की त्याचा हलकटपणा?

साहेबांकडे ती लागली तेव्हा त्यांचा मुलगा रांगत होता. आता तो दाढी कोरून परदेशात शिकतो. साहेब नेमकं काय करायचे ते मावशीला कधी कळलं नाही. विचारलं तर सांगायची, "ते फोनवर बोलतात. आणि बोलून झालं की त्यांना भूक लागते." त्यांचं स्वयंपाकघर आमच्या दोन खोल्यांएवढं, पण बसायला एक स्टूल नाही. मावशीनं मागून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "स्टूल ठेवलं की किचन गचाळ दिसतं हो." मग मावशी तेलाचा रिकामा डबा उलटा घालून त्यावर बसायची आणि मॅडमची चाहूल लागली की तो ओट्याखाली सरकवायची.

कामाला लागतानाच मॅडमनी तिचं ओळखपत्र, राहण्याचा पुरावा आणि फोटो मागून घेतले होते. घरकामाच्या माणसांची पोलिसात नोंद करायची असते ना, म्हणून. आपण चोर नाही हे आम्ही आधी सिद्ध करायचं, मग त्यांच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा. त्यांनी आजवर आम्हाला असा एक तरी कागद दिलाय? मावशीची ती कागदपत्रं हॉलमधल्या टेबलाच्या खणात गेली ती गेलीच. परत मागायची असतात हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि द्यायची असतात हे मॅडमना कुणी सांगितलं नाही.

साहेबांचा एक हिशेबनीस होता. घरी आला की आधी स्वयंपाकघरात शिरून पातेल्यांची झाकणं वर करून वास घ्यायचा, म्हणून मावशीनं त्याला बोका नाव दिलं. एका दुपारी बोक्यानं हॉलमधल्या खणातून मावशीची कागदपत्रं काढून आणली आणि ओट्यावर लॅपटॉप उघडला.

"मावशी, हाताचं पीठ धुऊन या. इथे बघा. ओळखपत्र हनुवटीखाली धरा. आता मान डावीकडे. उजवीकडे. हसू नका."

"कशाला रे ही सर्कस?"

"विमा काढतायत साहेब तुमचा. नशीबवान आहात. आता इथे सही करा. इथेही."

सही करायला मावशीला आवडायचं, हे खरं. तिला सही शिकवली होती तिच्या पुतणीनं, म्हणजे जावेच्या मुलीनं. शेवटचं अक्षर ती शेपटीसारखं लांब ओढायची. बोक्यानं बोट ठेवलं तिथे तिथे तिनं शेपट्या ओढल्या.

मग साहेबांनी तिला नवा फोन दिला. आम्हाला वाटलं, वा, काय माणूस आहे! त्या फोनवर अधूनमधून टिंग वाजून आकडा यायचा. हॉलमधून हाक यायची, "मावशी, आकडा?" आणि मावशी पिठाच्या हातानं, फोन कोपरानं सरकवत, गाडीची वेळ पुकारावी तशी आकडा पुकारायची. तुम्ही ज्याला ओटीपी म्हणता तो. मावशीला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण किराणा घेऊन दारात येणारा माणूसही आकडाच मागायचा. आकडा सांगितला की सामान घरात येतं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. आपण आकडा सांगितला की इथे सामान येत नाही, दुसरीकडून कुणाचं तरी जातं, हे तिला कसं कळणार? तिच्या लेखी मीठमसाला, गॅस आणि आकडा ही एकाच कामातली कामं.

आता गल्लीकडे वळते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक निळी खोली आहे. नदीचं पाणी तिथे गाळायचं, त्यात औषध घालायचं आणि मग नळांना सोडायचं, असं कंत्राट नगरपालिकेनं एका कंपनीला दिलं होतं. फीत कापली, फुगे लावले, भाषणं झाली. मग दाराला भलंमोठं कुलूप लागलं आणि बाहेर एक रखवालदार बसला. आत नाजूक मशिनं आहेत, हात लावलात तर बिघडतील, असं सांगण्यात आलं. कुलूप बघून आम्ही निर्धास्त झालो. कुलूप लावलेल्या वस्तूबद्दल गरिबाला फार आदर असतो.

मग गल्लीतल्या माणसांचे डोळे पिवळे पडायला लागले. आधी शिंपी, मग त्याची आई, मग शाळेतल्या बाई. दवाखान्यात कावीळ कावीळ म्हणत रांग लागली. मावशीची पुतणी त्या वेळी पोटुशी होती आणि आईकडे राहायला आली होती. तिचे डोळे पिवळे झाले, ती शुद्धीत राहीना, आणि बाळ पोटातच गेलं. ती वाचली. पण आजही दाराकडे पाठ करून बसते.

मावशी आणि जाऊ यांच्या खोल्यांत एकच भिंत आहे. मावशीचा नवरा गवंडी. त्यानं फार पूर्वी त्या भिंतीतली एक वीट काढून ठेवली होती. त्या भोकातून वाट्या इकडून तिकडे जायच्या, मीठ जायचं, उखाळ्यापाखाळ्या जायच्या. दोघींचं भांडणही त्यातूनच व्हायचं. उठून बाहेर यायचे कष्ट नकोत म्हणून.

मोर्चा मी नेला. नगरपालिकेच्या दारात घसा फोडून आम्ही एकच मागत होतो: त्या कंपनीचा मालक कोण, त्याचं नाव सांगा! शेवटी आतला कारकून वैतागून बाहेर आला, म्हणाला, "बाई, ओरडायला इतक्या लांब कशाला आलात? मालक तुमच्याच गल्लीत राहतो." आणि त्यानं नाव वाचलं, पत्ता वाचला.

अख्खा मोर्चा आल्या पावली परत फिरला. दारात मावशी पातेली घासत होती.

"मालक कुठंय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"कोण मालक? हा आतमध्ये झोपलाय तो? त्याला मालक म्हणायचं धाडस मीही करत नाही."

"तू! कंपनीची मालकीण तू आहेस! पाण्याच्या कंपनीची!"

मावशीचा नवरा बाहेर आला, म्हणाला, "अरे, हिच्या नावावर या घरातलं पातेलंसुद्धा नाही." तेव्हाच काहीजण हसले. पण जाऊ हसली नाही. ती गर्दीतून पुढे आली, मावशीच्या तोंडाकडे बघत राहिली. मावशी म्हणाली, "अगं, काय बघतेस अशी? बोल ना." जाऊ वळली. आत गेली, आणि थोड्या वेळानं भिंतीतल्या त्या भोकात पलीकडून एक चिंधी कोंबली गेली.

मावशी नंतर मला म्हणाली, "पोलिसांचं मला काही वाटलं नाही गं. त्या चिंधीचं वाटलं."

पोलिसांची गाडी मावशीला घेऊन गेली. ठाण्यात इन्स्पेक्टरबाई होत्या. चेहरा कडक, पण डोक्यानं ठीक. त्यांनी संगणक मावशीकडे वळवला. पाण्याची कंपनी, रस्त्यावरचे दिवे पुरवणारी कंपनी, आणखी एक कंपनी जी कसलंच काही करत नव्हती. तिन्हींवर मावशीचा फोटो. हनुवटीखाली ओळखपत्र धरलेला, न हसता काढलेला.

"मी इतकी श्रीमंत आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही?" मावशी म्हणाली.

"मला कळतंय हो काय झालंय ते," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "पण मला कळून भागत नाही, कोर्टाला कळावं लागतं. तुमच्या साहेबांचं यात कुठे नखसुद्धा दिसत नाही. आज घरी जा. बोलावलं की यायचं. गाव सोडायचं नाही."

"गाव सोडून जाऊ कुठे? माझ्या कंपन्या इथे आहेत ना."

मावशी घरी पोचते तर बोका दारात. हातात फळांची पिशवी. आजाऱ्याला भेटायला आल्यासारखा.

"मावशी, साहेबांनी निरोप दिलाय. काळजी करायची नाही. एवढंच म्हणायचं, कंपनी माझी आहे, चूक झाली. वकील साहेब देतील, जामीन साहेब देतील. आत जावं लागलंच तर थोडे दिवस. आणि तिथे जेवण चांगलं असतं."

"चांगलं असतं? मग तूच जा ना रे. माझ्या पातेल्यांत तोंड घालण्यापेक्षा बरं."

फळं पिशवीसकट गल्लीत गेली. बोका ती गोळा करायला वाकला, तेव्हा शिंप्याची आई, तिचे डोळे अजून पिवळेच होते, त्याला म्हणाली, "धुऊन खा हो. आमच्याकडच्या पाण्यानं."

दुसऱ्या सकाळी मी माझ्या दुकानाची फळी काढत होते, तर मावशी समोर उभी. डोक्यावरून पाणी घेतलेलं, चांगले कपडे घातलेले.

"तू ओरडण्यात हुशार आहेस ना? चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"मला माझी मिळकत बघायची आहे."

आम्ही दोघी निघालो आणि निळ्या खोलीपाशी पोचेपर्यंत मागे वीस-पंचवीस माणसं झाली. काही मावशीच्या बाजूनं, बरीचशी तिला शिव्या द्यायला. रखवालदार स्टुलावर बसून दात कोरत होता.

"कुलूप काढ."

"साहेबांच्या परवानगीशिवाय नाही काढता येत."

"तुला पगार कोण देतं?"

"कंपनी."

"कंपनी कुणाची?"

त्यानं खांदे उडवले. मावशीनं मला फोन पुढे करायला सांगितला. सरकारच्या कंपनी-नोंदीच्या पानावरचा तिचा फोटो मी त्याच्या नाकासमोर धरला. त्यानं फोटोकडे बघितलं, मावशीकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे.

"ही तर तुम्हीच."

"मग उठ. मालकीण उभी आणि तू बसलेला? एवढे दिवस हे स्टूल कुठे लपवलं होतंस? मी तिकडे डब्यावर बसत होते."

तो उठला. खरंच उठला हो! माणसाला हुकमाची सवय असते. हुकूम कुणाचा हे तो फारसा तपासत नाही, फक्त आवाज तपासतो. चावी फिरवता फिरवता त्यानं बोक्याला फोन लावलाच, पण तोवर दार उघडलं होतं.

आत काय होतं सांगू? दोन मोठी पत्र्याची पिंपं, बाहेरून चकचकीत निळी. आतून कोरडी ठणठणीत. एकात रखवालदाराचा डबा आणि छत्री, दुसऱ्यावर त्याचा वाळत घातलेला सदरा. एका भिंतीतून पाइप आत येत होता, पिंपांना वळसा घालून तसाच दुसऱ्या भिंतीतून बाहेर जात होता. जसं नदीचं पाणी आत, तसंच्या तसं बाहेर. पाण्याला मध्ये थांबायचंही कारण नव्हतं. फुगे मात्र अजून कोपऱ्यात होते, उद्घाटनाचे. हवा जाऊन, दोऱ्याला लटकलेले.

शाळेतल्या बाईंनी त्या पाइपवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभ्या राहिल्या. मावशीनं सदरा काढून रखवालदाराच्या हातात दिला, म्हणाली, "घाल. पोलीस येतील, उघडा नको दिसूस."

इन्स्पेक्टरबाई आल्या, फोटो काढले, पंचनामा झाला. जाताना त्यांनी मावशीला बाजूला घेतलं. मी शेजारीच होते. त्या म्हणाल्या, कंपनीच्या बँक खात्यावर टाच आणायची आहे, पण वरची सही उद्या दुपारपर्यंत येईल. तोपर्यंत खात्यातला पैसा कुणी हलवला तर तो गेलाच समजा. नगरपालिकेला नवं यंत्र बसवायलाही तोच पैसा लागेल, आणि आजारी माणसांना भरपाईही त्यातूनच. "आणि तो हलवायला बँक ज्या फोनवर आकडा पाठवते," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या, "तो फोन तुमच्याकडे आहे. बघा बाई."

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते असं. आपल्यापर्यंत एकही धागा पोचू नये म्हणून बोक्यानं सगळं मावशीच्या नावावर केलं, मावशीच्या फोनवर केलं. आणि काम झाल्यावर फोन काढून घ्यायचं राहून गेलं. राहून कसं गेलं? कारण मावशी नाही म्हणेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ओट्याला कुठे जीभ असते!

दुपारी साहेब स्वतः आले. गाडी गल्लीत शिरेना, म्हणून बोका गाडीत लॅपटॉप घेऊन तोंडाशीच थांबला आणि साहेब चालत आले. मावशीच्या चौकटीला कपाळ आपटून आत शिरले. मी उंबऱ्यावर बसले होते, हलले नाही. मावशीचा नवरा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला. मावशीनं घरातली एकुलती एक खुर्ची ओढून घेतली, स्वतः बसली आणि तेलाचा डबा उलटा करून साहेबांपुढे सरकवला.

"बसा."

"यावर?"

"मी तुमच्याकडे इतकी वर्षं यावरच बसले. मोडत नाही."

साहेब बसले. गुडघे पार छातीला लागले.

"मावशी, तुम्ही नाही तर घरात जेवणाची रया गेलीय. तुम्ही आमच्या घरच्याच आहात."

"घरच्या माणसाला पोलिसात देतात होय?"

"त्या गाढवानं घोळ घालून ठेवलाय. मी तो निस्तरायलाच आलोय. हे बघा, आता तुमच्या फोनवर एक आकडा येईल. नेहमीसारखा मला सांगा. तुमचं नाव कंपनीवरून निघेल. मोकळ्या व्हाल."

"माझं नाव निघेल, की खात्यातला पैसा निघेल?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी नखं बघत बसले.

"मावशी," आता आवाज अगदी मऊ, "तुमच्या मालकांच्या डोळ्याचं ऑपरेशन कुणी करून दिलं, आठवतंय ना?"

खाटेवरून आवाज आला, भिंतीकडे तोंड तसंच. "आठवतंय, साहेब. तुमच्यामुळेच नीट दिसतंय आता."

साहेबांचा मऊपणा तिथे संपला. "मग नीट ऐका. कागदावर माझं नाव कुठेही नाही. तुमचं आहे. आकडा दिलात तर माझा वकील तुमच्यासाठी उभा राहील. नाही दिलात तर कोर्टात तुम्ही एकट्या. कावीळ, गेलेलं मूल, सगळं तुमच्या माथी. आयुष्य आत जाईल. विचार करा."

आणि टिंग वाजलं.

सवय वाईट हो. इतक्या वर्षांची. टिंग झालं की मावशीचं तोंड आपोआप उघडायचं. आताही उघडलं. फोन मांडीवर, नजर आकड्यावर, समोर साहेब कान पुढे करून. एकटीनं तुरुंगात जायचं की साहेबांच्या वकिलामागे लपायचं, एवढाच प्रश्न होता. मी तिच्या जागी काय केलं असतं, त्याची बढाई मी मारणार नाही.

तेवढ्यात भिंतीत काहीतरी हललं. चिंधी पलीकडून ओढली गेली. आणि भोकातून जावेचा आवाज आला, पोरीला दवाखान्यात नेल्यापासून जो आम्ही कुणी ऐकला नव्हता तो:

"सांगू नकोस गं!"

मावशीनं तोंड मिटलं. भिंतीकडे बघितलं. मग फोनकडे बघून आकडा मनातल्या मनात वाचला. पहिल्यांदाच मनातल्या मनात.

"वाचला," ती म्हणाली. "मालकिणीनं वाचला, बास झालं."

साहेब डब्यावरून उठले आणि त्यांनी फोनला हात घातला. मावशीनं फोन कमरेला खोचला, चुलीजवळचा झारा उचलला. "हात पुढे करायचा असेल तर आधी याला विचारा. गरम तेलातून आत्ताच बाहेर आलाय."

तिकडे गाडीत बोका बटण दाबतच होता. टिंग. पुन्हा टिंग. मावशीच्या कमरेत आकडे वाजत होते आणि ती खुर्चीत ताठ बसली होती. दारात माणसं जमली होती. प्रत्येक टिंगला कुणीतरी ओरडायचं, "सांग गं मावशी!" आणि सगळी गल्ली एका सुरात म्हणायची, "नाही सांगणार!" शिव्या द्यायला आलेले लोकसुद्धा. शेवटी टिंग वाजायचं थांबलं. साहेबांचा फोन वाजला. पलीकडून बोका काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण साहेबांचा चेहरा बघून कळलं: आजच्यापुरतं बँकेनं दार लावलं होतं.

साहेब गेले. जाताना चौकटीला पुन्हा कपाळ आपटलं. गवंडी खाटेवरून म्हणाला, "जरा वाकायला शिका, साहेब. चौकट मीच बसवलीय, उंची मुद्दामच कमी ठेवलीय." गल्ली इतकी हसली की पुतणीनं, दाराकडे पाठ करून बसलेल्या त्या पोरीनं, मान वळवून विचारलं, "काय झालं?"

दुसऱ्या दिवशी खात्यावर टाच आली. इथे गोष्ट संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण दारात जमलेल्या आम्हा सगळ्यांच्या जबाबांवरून साहेबांना अटक झाली आणि लगेच त्यांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यातल्या मऊ गादीवरूनच ते जामिनावर सुटले. आता पुन्हा फोनवर बोलतात, बोलून झालं की त्यांना भूक लागते. बोका माफीचा साक्षीदार होऊ बघतोय. वर्तमानपत्रानं छापलं, 'महिला उद्योजकाची चौकशी', आणि पहिली आरोपी अजूनही मावशी आहे. तिला मिळालेली वकील फुकटची आणि कोवळी, पण चांगली खमकी आहे. प्रत्येक तारखेला मावशी चांगले कपडे घालून जाते. न्यायाधीशांनी एकदा विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" तर म्हणाली, "आकडा सोडून काहीही विचारा."

अशा चोऱ्यांना लोक कागदी चोऱ्या म्हणतात. रक्त सांडत नाही, खिडकी फुटत नाही, कुणी दोरीवरून उडी मारून येत नाही. आमच्या गल्लीत येऊन बघा. नवं यंत्र बसलंय, पाणी काचेसारखं स्वच्छ आहे, आणि एकही बाई ते उकळल्याशिवाय पोराला देत नाही. शाळेतल्या बाईंनी वर्गातल्या नळाला फडकं बांधलंय. पुतणीच्या सासरचे म्हणतात, थोडं थांबून पाठवा. आणि साहेबांच्या भागातल्या मॅडम लोकांनी ठरवलंय, त्या वस्तीतल्या बायका कामाला ठेवायच्या नाहीत, कंपन्या काढतात म्हणे! चोरी त्यांनी केली आणि विश्वास आमच्यावरचा उडाला. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण बोंब मारून वर पगार बंद करणारे आत्ताच बघितले.

भिंतीतली चिंधी पुन्हा लागलेली नाही. दोघींचं सगळं जुळलंय असं म्हणत नाही. बाळ गेलं ते गेलंच. पण परवा मी बसले होते, तर भोकातून रिकामी वाटी आली आणि मागोमाग आवाज, "मीठ दे. आणि कंजूषपणा नको, मालकीण आहेस तू." मावशीनं वाटी शीग लावून भरली.

काम गेल्यापासून मावशीनं नवाच धंदा काढलाय, बिनपगारी. ती स्वयंपाकघरांच्या मागच्या दारांनी फिरते, वाहनतळावर ड्रायव्हर लोकांत जाऊन बसते, आणि एकच विचारते: "तुझी कागदपत्रं कुठायत? परत घेतलीस का?" एक माळी निघाला, त्याच्या नावावर हॉटेल. एक ड्रायव्हर निघाला, त्याची आई वारलेली आणि अजून एका कंपनीची अध्यक्षा. माळ्यानं विचारलं, "मग हॉटेलात फुकट जेवायला मिळेल का?" मावशी म्हणाली, "जाऊन बस आणि सांग, मालक आलाय. वाढतात की नाही बघ." तो गेला. वाढलं नाही. पण आता तोही मावशीबरोबर फिरतो.

तुम्ही म्हणाल, आम्ही तसे नाही. नसालच. पण तुमच्याही घरी कुणीतरी कामाला येतं, आणि नोंदीसाठी घेतलेलं तिचं ओळखपत्र, तिचे फोटो तुमच्या कुठल्यातरी खणात पडून आहेत. विसरला असाल. आमच्या मावशीच्या मॅडमही विसरल्याच होत्या. आठवण ठेवली ती बोक्यानं.

तेव्हा एक करा. हे वाचून झालं की उठा, तो खण उघडा, आणि तिची कागदपत्रं तिच्या हातात परत द्या.